हिची आईही अशीच होती: गायींमधली रोगप्रवणता ओळखण्याची आणि पिढीगणिक कमी करण्याची रीत

दोन गायी शेजारी बांधलेल्या असतात. दावण एक, चारा एक, धार काढणारे हातही तेच. एकीच्या दुधात वर्षातून तीनदा गाठी येतात, दुसरीची कास चार वेतांत एकदाही सुजत नाही. गोठ्यात वावरणारा माणूस हे रोज बघतो आणि सहज म्हणून जातो, ‘‘हिची आईही अशीच होती.’’

या वाक्यात तथ्य आहे. रोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती काही अंशी वारशाने येते. पण ‘काही अंशी’ म्हणजे किती, कुठल्या रोगात किती, आणि ते ओळखून पुढची पिढी काटक कशी करायची, हे नुसत्या आठवणीवर कळत नाही. अनेक गोठ्यांच्या नोंदवह्या मी चाळल्या आहेत. आजाराची तारीख असते, औषधाचं नाव असतं, आईचा बिल्ला क्रमांकही बहुधा असतो. बापाचा रकाना मात्र कोरा. हा कोरा रकाना मला फार सलतो, कारण वारशाचं कोडं सुटतं ते तिथूनच. एका गायीला आयुष्यात मोजकीच वासरं होतात, पण एका वळूच्या मुली शेकड्यांनी असू शकतात. तुलना करायला पुरेशी संख्या बापाच्या बाजूनेच मिळते.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

‘ही गाय रोगाला दाद देत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो.

पहिली म्हणजे प्रतिकार. जंतू शरीरात शिरूच न देणं, किंवा शिरल्यावर त्यांची वाढ रोखणं. दुसरी सहनशीलता: जंतू अंगात आहेत, वाढतातही, पण जनावर खंगत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या एन्डामा गायी याचं ठळक उदाहरण. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या ट्रिपॅनोसोमियासिसचे परजीवी त्यांच्या रक्तात सापडतात, तरी त्यांचं रक्त फारसं पातळ होत नाही आणि वजन टिकून राहतं. तिसरी गोष्ट संसर्ग पसरवण्याची क्षमता. दोन गायी सारख्याच आजारी असल्या तरी एक दुसरीपेक्षा कितीतरी जास्त जंतू बाहेर टाकू शकते.

हा फरक पुस्तकी नाही. गोचीडजन्य तापात सहनशील गाय हवीशी वाटते. पण क्षय, सांसर्गिक गर्भपात किंवा जोन्स रोगात (आतड्याचा, जनावर खंगवणारा जुनाट रोग) वरून धडधाकट दिसणारी आणि आतून जंतू पसरवणारी गाय म्हणजे सगळ्या कळपाला धोका. पहिले दोन रोग तर माणसालाही होतात. अशा रोगांत प्रतिकार हवा, नुसती सहनशीलता नको. ‘जंतू आहेत, पण तिला काही होत नाही’ म्हणून असं जनावर पैदाशीला ठेवू नका. या रोगांची तपासणी, विलगीकरण आणि कळवण्याचे नियम आधी. पैदाशीचा विचार त्यानंतर.

पहिली पायरी: एक रोग निवडा

‘सगळ्या रोगांना पुरून उरेल अशी गाय’ हे ध्येय ठेवलं तर हाती काही लागत नाही. एका रोगाला आवर घालणारं जनुकाचं रूप दुसऱ्या रोगात बऱ्याचदा काहीच कामाचं नसतं, कधी उलट घातक ठरतं. आपल्या कळपाला गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त कशाने छळलं ते बघा आणि तो एक रोग घ्या, फार तर दोन.

निवडताना त्या रोगात वारशाचा वाटा किती हे माहीत असावं. जनावराजनावरांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग पुढच्या पिढीत उतरणाऱ्या जनुकांमुळे आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे आनुवंशिकतेचं प्रमाण. तो ० ते १ यांच्या दरम्यान असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या कासदाहासाठी तो बहुधा ०.०२ ते ०.०५ इतकाच निघतो. दुधातल्या कायिक पेशींच्या (मुख्यतः पांढऱ्या पेशी; त्यांचा हिशेब चौथ्या पायरीत) गुणांकासाठी ०.१० ते ०.१५. गोचिडांच्या संख्येसाठी ०.३ च्या आसपास, म्हणजे साधारण दुधाच्या उत्पादनाइतका. क्षयाच्या चाचणीत बाधित ठरण्याबाबत ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या नोंदींवरून तो ०.१ किंवा थोडा जास्त आढळला आहे.

आकडा लहान बघून हात टेकू नका. प्रमाण कमी याचा अर्थ जनुकांत फरक नाही असा होत नाही. भोवतालच्या इतर कारणांचा गोंगाट मोठा आहे, इतकाच होतो. रोगाच्या बाबतीत हा गोंगाट जास्तच. ज्या गायीपर्यंत जंतू पोचलेच नाहीत ती निरोगी राहते आणि वहीत ‘काटक’ म्हणून जमा होते. चाचणीतून निसटलेली बाधित गायही त्याच रकान्यात जाते. त्यामुळे वारशाचा खरा वाटा कागदावर दिसतो त्यापेक्षा थोडा मोठाच असतो.

दुसरी पायरी: वारशाच्या माथी मारली जाणारी कारणं आधी बाजूला काढा

या पायरीवर घाई झाली की पुढचं सगळं चुकतं. एखाद्या वळूची वासरं सारखी हगवणीने आजारी पडतात म्हणून वळू बदनाम होतो आणि नीट पाहिलं तर दोष चिकाचा निघतो.

गायीच्या वारेतून वासराला प्रतिपिंडं मिळत नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने. त्याला जे मिळायचं ते चिकातूनच, आणि तो शोषून घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या काही तासांतच झपाट्याने उतरते. २४ तासांनी ती जवळपास संपते. त्यामुळे ‘नाजूक’ वासराचा निवाडा करण्याआधी विचारा: चीक जन्मानंतर किती तासांनी पाजला? किती पाजला? दाट होता का? ब्रिक्समापक (चिकाचा दाटपणा मोजायचं साधन) असेल तर २२ टक्के किंवा त्याहून जास्त वाचन म्हणजे चांगला चीक. या प्रश्नांची उत्तरं नोंदवलेली नसतील, तर वासराच्या आजारावरून बापाबद्दल काहीही बोलू नका.

तीच गोष्ट कासदाहाची. गायीचं वेत कितवं, ती विऊन किती दिवस झाले, कुठल्या ऋतूत व्याली, बसायची जागा ओली की कोरडी, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवतात का, आटवताना काय केलं, या सगळ्यांचा परिणाम जनुकांपेक्षा मोठा असतो. पाचव्या वेताच्या गायीची तुलना पहिलारूशी करून ‘हिच्या रक्तातच दोष’ म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून तुलना करायची ती बरोबरीच्यांची. एकाच हंगामात व्यालेल्या, एकाच वेताच्या, एकाच गोठ्यात राहिलेल्या गायी एका गटात घ्या. शक्य असेल तर पहिल्या वेताच्याच घ्या. जुन्या दुखापतींचं आणि आधीच्या उपचारांचं ओझं त्यांच्यावर कमीत कमी असतं.

तिसरी पायरी: नोंद

वही असो की मोबाइल, रकाने थोडे ठेवा, पण ते न चुकता भरा: गायीचा बिल्ला क्रमांक, आई, बाप, जन्मतारीख, वेत, व्याल्याची तारीख, आजार सुरू झाल्याची तारीख, आजाराचं नाव, कोणता सड किंवा अवयव, उपचार, आणि शेवट काय झाला.

बापाच्या रकान्यात ‘कृत्रिम रेतन’ इतकंच लिहून चालत नाही. रेतमात्रेच्या नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो रेतनाच्या दिवशीच वहीत उतरवा, नळी फेकायच्या आधी. नंतर तो कुणालाही आठवत नाही.

आजाराची व्याख्याही आधी ठरवून घ्या. नाहीतर एका महिन्यात दुधातली बारीकशी गाठ ‘कासदाह’ म्हणून लिहिली जाते आणि दुसऱ्या महिन्यात पूर्ण सुजलेली कासच तेवढी लिहिली जाते. माझी पद्धत अशी: दूध डोळ्यांना वेगळं दिसलं की नोंद. त्याच सडात १४ दिवसांच्या आत पुन्हा बिघडलं तर जुनाच आजार, त्यानंतर बिघडलं तर नवा. पद्धत दुसरी असली तरी हरकत नाही, मात्र ती वर्षभर आणि सगळ्या गायींना एकच हवी.

आणि निरोगी गायींचीही नोंद ठेवा. पुष्कळ वह्यांत फक्त आजारी जनावरं असतात. एखाद्या वळूच्या पाच मुली आजारी पडल्या हे वाचून काय कळणार? त्या सातांतल्या पाच आहेत की चाळिसांतल्या, हे समजल्याशिवाय त्या पाचाला अर्थ नाही.

नॉर्वेने हे काम देशपातळीवर केलं. तिथे १९७५ पासून प्रत्येक गायीचं आरोग्यपत्रक ठेवलं जातं आणि १९७८ पासून कासदाहाचा विचार पैदाशीच्या निवडीत होतो. आनुवंशिकतेचं प्रमाण इतकं कमी असलेल्या गुणावरही निवड करता येते हे त्यांच्या तांबड्या गायींनी दाखवलं. जगातल्या बाकी बहुतेक ठिकाणी तेव्हा निवड प्रामुख्याने दुधावर चालली होती.

चौथी पायरी: आजाराची वाट न बघता मोजा

आजार ही ‘झाला’ किंवा ‘नाही झाला’ एवढीच नोंद असते. अंकात मोजता येणारं काही मिळालं तर वारशाचा वाटा जास्त स्पष्ट दिसतो. अशी दोन मोजमापं गोठ्यातल्या माणसाला जमण्यासारखी आहेत.

पहिलं, दुधातल्या कायिक पेशी. या प्रामुख्याने पांढऱ्या पेशी. जंतू शिरले की त्या कासेत धाव घेतात. मिलीलीटरमागे २ लाखांच्या वर आकडा गेला की कासेत संसर्ग असल्याची दाट शक्यता. पण नुसत्या आकड्यांची सरासरी काढली की फसगत होते. दोन गायींचे पाच महिन्यांचे आकडे बघा, हजारांत:

पहिली गाय: ६०, ८०, ७०, १२००, ९०.
दुसरी गाय: २८०, ३१०, ३००, २९०, ३२०.

दोघींची सरासरी अगदी सारखी, ३०० हजार. पण पहिलीला एकदा जोराचा संसर्ग झाला आणि महिनाभरात तिने तो साफ परतवला. दुसरीच्या कासेत तो पाचही महिने मुक्काम ठोकून आहे. हा फरक पकडण्यासाठी पैदासशास्त्रात आकड्याचा गुणांक करतात: १ लाख पेशींना ३ गुण, आणि पेशी दुप्पट झाल्या की एक गुण वाढवायचा, निम्म्या झाल्या की एक कमी करायचा. ५० हजारांना २, २ लाखांना ४, ४ लाखांना ५. या हिशेबाने पहिल्या गायीची सरासरी येते ३.४ आणि दुसरीची ४.६. आता डोळ्यांना दिसतं तेच कागदावर उतरलं.

हा गुणांक आणि प्रत्यक्ष कासदाह यांचं आनुवंशिक नातं घट्ट आहे, साधारण ०.७. म्हणजे कमी गुणांकाच्या वळूंच्या मुलींना कासदाहही कमी होतो. पेशी मोजायची सोय नसेल तर कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टची (गोठ्यातच करायची कासदाहाची चाचणी) चार खणांची तबकडी वापरा. महिन्यातून एकदा चारही सडांची चाचणी करून शून्य ते तीन असा दर्जा लिहिला, तरी वर्षाअखेर कोणत्या गायी सतत वर आहेत ते उघड होतं.

दुसरं मोजमाप गोचिडांचं, आणि ते माझ्या विशेष जिव्हाळ्याचं आहे, कारण त्याला यंत्र लागत नाही. सकाळी, खरारा करण्याआधी, गाय दावणीला असताना तिच्या एकाच कुशीला उभं राहायचं. कानाच्या मागून सुरुवात करायची, मग मानेखालची पोळी, पुढच्या पायाची बगल, बरगड्या, मागच्या मांडीची आतली बाजू, कास आणि शेवटी शेपटीच्या मुळाखाली. हाताचा तळवा केसांच्या उलट दिशेने सावकाश फिरवला की फुगलेली मादी वाटाण्याच्या दाण्यासारखी बोटाला लागते. साडेचार ते आठ मिलीमीटर लांबीच्याच माद्या मोजायच्या. बारीक पिल्लं सोडून द्यायची, कारण ती पुढे जगतीलच असं नाही. आलेल्या संख्येची दुप्पट म्हणजे त्या दिवसाचा गायीवरचा भार.

आकार ठरवण्यामागे कारण आहे. या मापाची मादी एका दिवसात पोट भरून गळून पडणार असते. गाय प्रतिकार करते तो गोचीड लहान असतानाच: चाव्याच्या जागी कातडीची प्रतिक्रिया उमटते, खाज सुटते, गाय चाटते, आणि बहुतेक पिल्लं मोठी होण्याआधीच संपतात. त्यामुळे फुगलेल्या माद्यांची संख्या म्हणजे गायीच्या कातडीने दिलेल्या लढ्याचा थेट निकाल.

एकाच दिवसाच्या मोजणीवर विसंबू नका. गायीवरच सगळं आयुष्य काढणाऱ्या गोचिडाचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं, म्हणून तीन-तीन आठवड्यांनी निदान तीनदा मोजा. मोजणीआधी गोचीडनाशकाचा परिणाम ओसरलेला हवा, आणि सगळ्या गायी एकाच कुरणात किंवा एकाच गोठ्यात असाव्यात. हा प्रतिकार बराचसा गोचिडांशी गाठ पडल्यानंतर जागा होतो. ज्या कालवडीने गोचीड पाहिलेलाच नाही तिची परीक्षा त्या दिवशी घेऊ नका. मात्र गोचीड ताप असलेल्या भागात मोजणीसाठी जनावरं उघडी टाकू नका. ताप, लाल लघवी, फिके पडलेले डोळे दिसले की मोजणी थांबवून उपचार करा.

वशिंडाच्या गुरांची गोचिडांविरुद्धची ताकद युरोपीय जातींपेक्षा जास्त असते, हे सर्वपरिचित आहे. पण जातीच्या नावावर सगळं सोडू नका. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या बेल्मॉन्ट संशोधन केंद्रात हियरफर्ड आणि शॉर्टहॉर्न या दोन युरोपीय जातींच्या संकरातून, गोचीड मोजून-मोजून निवड करत, गोचिडांना दाद न देणारी बेल्मॉन्ट अडॅप्टर ही गुरं तयार झाली. वशिंडाच्या रक्ताशिवाय! निवडीला चिकटून राहिलं की काय होतं, ते इथे दिसतं.

याखेरीज डोळ्यांना दिसणाऱ्या काही खुणाही वारशाने उतरतात आणि रोगाशी जोडलेल्या असतात. घोट्याच्या खाली लोंबणारी कास आणि सैल बांधणीची पुढची कास यांना कासदाह जास्त होतो. फार झरझर धार देणारी गाय कामाला सोयीची वाटते, पण सडाचं तोंड सैल असलं की जंतूंनाही वाट मोकळी असते. पांढऱ्या पापण्यांच्या हियरफर्ड गुरांना डोळे येण्याचा त्रास गडद पापण्यांच्या गुरांपेक्षा जास्त होतो.

पाचवी पायरी: बापानुसार गट पाडा, पण गणिताची मर्यादा ओळखा

आता वहीतल्या गायी बापाप्रमाणे वेगळ्या करा. समजा ‘अ’ वळूच्या १० मुलींपैकी ४ जणींना पहिल्या वेतात कासदाह झाला आणि ‘ब’च्या १० पैकी २ जणींना. ‘अ’ दोषी? या आकड्यांवरून मुळीच नाही. इतका फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो.

किती मुलींवर विश्वास ठेवायचा याचं एक साधं सूत्र आहे. ४ मधून आनुवंशिकतेचं प्रमाण वजा करा आणि बाकीला त्याच प्रमाणाने भागा. येईल तो आकडा ‘क’. मग विश्वासार्हता म्हणजे मुलींची संख्या भागिले (मुलींची संख्या अधिक क). १० मुलींसाठी करून पाहू.

डोळ्यांना दिसणारा कासदाह, प्रमाण ०.०४: क = ९९, विश्वासार्हता ९ टक्के.
कायिक पेशींचा गुणांक, प्रमाण ०.१२: क = ३२, विश्वासार्हता २४ टक्के.
गोचिडांची संख्या, प्रमाण ०.३०: क = १२, विश्वासार्हता ४५ टक्के.

मुली त्याच दहा, कष्टही तेच, पण काय मोजलं यावर निकाल पाचपट पक्का झाला. कासदाहाच्या नोंदीवर ५० टक्के विश्वासार्हता हवी तर ९९ मुली लागतात. इतक्या एका गोठ्यात कुठून येणार? म्हणून दोन वाटा: मोजता येणारा गुण निवडा, किंवा तोच वळू वापरणाऱ्या इतर पशुपालकांबरोबर एकाच पद्धतीने नोंदी ठेवून त्या एकत्र करा. सहकारी संघ आणि पैदास संस्था यांनी पुढाकार घ्यावा असं हे काम आहे आणि मला ते लशीकरण मोहिमेइतकंच मोलाचं वाटतं.

सहावी पायरी: एका जनुकाचे दोष चाचणीने गाळा

वर सांगितलेल्या रोगांत शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो. काही दोष मात्र एकाच जनुकाचे असतात आणि तिथे चाचणीचं उत्तर स्पष्ट हो किंवा नाही असं मिळतं.

होल्स्टीन फ्रिजियन आणि त्यांच्या संकरित गायींत यातला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे ‘ब्लॅड’. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१८ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या आधाराने त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि तिथून जखमेकडे उतरतात. या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एक अक्षर बदललेलं असलं की पकडच जाते. रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर येतो, पण जंतूंपर्यंत एकही धड पोचत नाही. वासराला पुन्हा पुन्हा ताप, हगवण, न्यूमोनिया होतो, हिरड्या सुजतात, तोंडात व्रण पडतात, बिल्ला मारल्याची जखमही भरत नाही. निरोगी गुरांत रक्ताच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये ४ ते १२ हजार पांढऱ्या पेशी असतात. या वासरांत त्या अनेकदा ४० हजारांच्या वर जातात. बहुतेक वासरं वर्षाच्या आतच दगावतात.

या दोषाचा माग १९५२ साली जन्मलेल्या ऑस्बर्नडेल आयव्हनहो या अमेरिकी वळूपर्यंत लागतो. त्याचे वंशज दुधासाठी इतके नावाजले की त्यांचं रेत जगभर गेलं. १९९२ मध्ये जनुकातला नेमका बदल सापडला, तोवर अमेरिकेतल्या तपासलेल्या होल्स्टीन वळूंपैकी शंभरातले सुमारे चौदा वाहक झाले होते. वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत असलेला, वळू स्वतः ठणठणीत असतो. त्याच्याकडे पाहून काही कळत नाही.

हिशेब असा. वाहक वळू आणि मुक्त गाय: एकही वासरू आजारी नाही, पण निम्मी वाहक. वाहक वळू आणि वाहक गाय: दर चारांत एक आजारी. आणि वाहक वळू त्याच्याच मुलींना वापरला, तर त्यांच्या आया मुक्त असल्या तरी दर आठातलं एक वासरू मरणाच्या वाटेवर. वळूच्या वंशावळीत ‘टीएल’ म्हणजे तपासून मुक्त, ‘बीएल’ म्हणजे वाहक. तपासलेला आणि मुक्त असलेलाच वळू वापरा. वळू मुक्त असला की गाय वाहक असली तरी आजारी वासरू जन्मत नाही.

चाचणीला नमुना म्हणून शेपटीच्या गोंड्यातले मुळासकट उपटलेले २०-३० केस पुरतात. जुळ्यांच्या बाबतीत रक्ताऐवजी केसच पाठवा. गर्भात जुळ्यांचं रक्त बहुधा एकमेकांत मिसळतं, आणि रक्ताच्या नमुन्यात भावंडाचं जनुक सापडून उत्तर चुकू शकतं.

सातवी पायरी: वळूची निवड

वळूच्या माहितीपत्रकात दुधाच्या आकड्यापाशी थांबू नका. जास्त दूध आणि कासदाह यांचं आनुवंशिक नातं आपल्या गैरसोयीचं आहे. फक्त दुधावर निवड करत गेलो तर कासदाह पिढीगणिक हळूहळू वाढतो. कायिक पेशींचं पैदासमूल्य (वळूकडून मुलींत काय उतरेल याचा अंदाज), कासेच्या बांधणीचे गुण आणि असेल तिथे कासदाहाचं स्वतंत्र मूल्य, हे तिन्ही वाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मूल्यांकनात कासदाहासह आरोग्याचे गुण २०१८ पासून आहेत. ब्रिटनमध्ये २०१६ पासून क्षयाच्या प्रतिकाराचा निर्देशांक मिळतो. वळूचा एक अंक वाढला की कळपात क्षय शिरल्यावर त्याच्या बाधित मुलींचं प्रमाण सुमारे १ टक्क्याने कमी राहणं अपेक्षित असतं. एक टक्का थोडा वाटतो. पण बऱ्याच लशींचा डोस पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. वारशात आलेला टक्का मुलीकडून नातीकडे आपोआप जातो.

प्रत्येक मूल्याशेजारी विश्वासार्हता छापलेली असते. ती कमी असेल तर सगळी भिस्त एकाच वळूवर ठेवू नका, चार-पाच वळूंत वाटणी करा. जनुकपट्टीवरून (हजारो जनुकखुणा एकदम वाचणारी चाचणी) काढलेल्या मूल्यांबाबत एक प्रश्न नक्की विचारा: ही मूल्यं कोणत्या जातीच्या नोंदींवर बेतली आहेत? होल्स्टीन गायींच्या नोंदींवर तयार झालेला अंदाज वशिंडाच्या जातींना किंवा संकरित गायींना तसाच लागू पडत नाही.

गोचीडजन्य रोगांचा मुलूख असेल तर जातीची निवड हाच सगळ्यात मोठा निर्णय. गोचिडातून येणाऱ्या थायलेरिया या परजीवीची लागण साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना प्रयोगात एकसारखी केली, तेव्हा साहिवालांचा ताप कमी चढला आणि ती सावरली. होल्स्टीन वासरांची प्रकृती गंभीर झाली. संकर करताना विदेशी रक्ताचा अंश वाढवत नेला की ही कमावलेली ताकद पातळ होत जाते, हे आधी गृहीत धरूनच दुधाचं गणित मांडा.

आठवी पायरी: जोड्या जुळवताना नातं बघा

गुरांच्या २३ व्या गुणसूत्रावर ‘बोला’ नावाचा जनुकसमूह आहे. जंतूंचे तुकडे प्रतिकारपेशींना ओळखीसाठी दाखवायचं काम त्यातली जनुकं करतात. डीआरबी३ हे त्यातलं एक. त्याचं ००९:०२ हे रूप असलेल्या गायींत रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या बोव्हाइन ल्युकेमिया विषाणूचा भार फार कमी राहतो, आणि त्यामुळे त्या तो इतरांना देण्याची शक्यताही घटते. मग सगळा कळप याच रूपाचा करावा का? नाही. आईकडून एक आणि बापाकडून दुसरं अशी दोन वेगळी रूपं असलेली गाय जास्त प्रकारच्या जंतूंना ओळखू शकते. सगळ्या गायी एकसारख्या केल्या तर उद्या येणारा नवा जंतू एकीला जमिनीवर आणेल तसा सगळ्यांनाच आणेल.

म्हणून नात्यातले संबंध टाळा. बाप-मुलीच्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्के येतं. सावत्र भावंडांच्या आणि आजोबा-नातीच्या वासरात १२.५ टक्के. सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या वासरात ६.२५ टक्के. मी शेवटच्या पातळीपर्यंतही जात नाही. गोठ्यात ठेवलेला वळू त्याच्या पहिल्या मुली माजावर यायच्या आत बदला. हे साधं वेळापत्रक पाळलं तरी पुष्कळ नुकसान टळतं.

नववी पायरी: कुणाला ठेवायचं, कुणाच्या कालवडी वाढवायच्या

आजारी गाय लगेच काढून टाकण्याचा हा मार्ग नाही. रोगप्रवण ठरलेली गाय उपचार करून, नीट सांभाळून दूध देत राहू शकते. तिच्या कालवडी मात्र पैदाशीसाठी मागे ठेवू नका, किंवा तिला त्याच गुणात जोरदार असलेल्या वळूचं रेत द्या. उलट ज्यांचा पेशींचा गुणांक दोन वेतं सतत कमी राहिला, ज्यांच्या अंगावरची गोचीड तिन्ही मोजण्यांत बरोबरीच्या गायींपेक्षा कमी भरली, त्यांच्या कालवडी आधी निवडा.

या सगळ्यात लस, चीक, कोरडी जागा, गोचीड नियंत्रण यातलं काहीही सैल करू नका. चांगल्या वारशाच्या गायीलाही चिखलात बसवलं तर कास सुजतेच.

जनुक थेट बदलण्याचे प्रयोगही सुरू आहेत. अमेरिकेत जुलै २०२१ मध्ये ‘जिंजर’ नावाची एक गीर कालवड जन्मली. गुरांना हगवण आणि इतर त्रास देणारा बीव्हीडी विषाणू पेशीत शिरताना सीडी४६ हे प्रथिन पकडतो. तिच्या त्या प्रथिनातली फक्त सहा अमिनो आम्लं बदललेली होती. बाधित वासराबरोबर ठेवूनही तिला संसर्गाचा त्रास फारच कमी झाला. हे तंत्र गोठ्यापर्यंत यायला वेळ आहे. तोवर निवड हेच आपलं हत्यार.

त्या हत्याराला लागणारा वेळही धरून चाला. आज रेतन केलं तर नऊ महिन्यांनी कालवड. ती पहिल्यांदा विणार साधारण अडीच-तीन वर्षांची होऊन, आणि तिच्या कासेचा पहिला पूर्ण वर्षाचा हिशेब मिळणार आणखी वर्षाने. म्हणजे आजच्या वळूचा निकाल चार-पाच वर्षांनी हातात. तो वाचता यावा म्हणून आज रेतमात्रेच्या नळीवरचा क्रमांक उतरवून घ्या, आणि कालवड जन्मली की बिल्ला मारायच्या दिवशीच तो तिच्या नावापुढे लिहा.